पांढरकवडा ते टोरांटो: विमानाचं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढायचा

‘नागपूर ते टोरांटो किती वेळ लागतो?’ असं मोबाइलवर विचारलं की चौदा-पंधरा तास असं उत्तर येतं. ते उत्तर ज्या विमानाचं आहे ते विमान अस्तित्वातच नाही. अशी संकेतस्थळं दोन शहरांमधलं सरळ अंतर घेतात, त्याला ताशी ८५०-९०० किलोमीटरने भागतात आणि उड्डाण-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. नागपूरहून टोरांटोला थेट विमान नाही आणि पांढरकवड्याजवळच्या गावाला विमानतळही नाही, याची दखल त्या गणितात नसते. घरून किती वाजता निघायचं, गाडी कधी सांगायची आणि पोरगं पोहोचल्याचा फोन कधी यायला हवा, हे कळायचं तर हिशेब स्वतःच मांडावा लागतो. इथे यवतमाळ जिल्ह्यातून टोरांटोचं उदाहरण घेतलंय. शहर बदललं तरी रीत हीच राहते.

आधी सरळ अंतर

सगळ्यात सोपं साधन जिल्हा परिषदेच्या शाळेतला पृथ्वीगोल. एक दोरा घ्या. नागपूरवर एक टोक धरा, दुसरं टोरांटोवर न्या आणि दोरा ताणा. तो जिथून आपोआप जाईल तीच सर्वांत जवळची वाट. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर भरतो आणि पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे गोलावरचा १ सेंटीमीटर जवळपास ४२५ किलोमीटरचा. दोरा साडेएकोणतीस सेंटीमीटरच्या आसपास भरला तर मोजणी बरोबर.

दोरा कुठून जातो तेही पाहा. भिंतीवरच्या नकाशावर टोरांटो सरळ पश्चिमेला दिसतं, अरबस्तान आणि अटलांटिकच्या पलीकडे. गोलावरचा दोरा मात्र नागपूरहून जवळजवळ उत्तरेलाच निघतो. काश्मीर, कझाकस्तान, उत्तर रशिया, मग बर्फाळ समुद्र आणि ग्रीनलंड करत तो वरच्या बाजूने कॅनडात उतरतो. वाटेत तो सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो, त्यामुळे ही वाट लांबची वाटते. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर म्हणूनच कामाचं नाही.

नेमका आकडा हवा असेल तर मोबाइलचा कॅल्क्युलेटर पुरतो. फोन आडवा केला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये साइन-कॉसची बटणं येतात. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात. नागपूर विमानतळ: २१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व. टोरांटो विमानतळ: ४३.६८ उत्तर, ७९.६३ पश्चिम. पुढची कृती अशी:

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३५९८ × ०.६९०६ = ०.२४८५.
२. दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार करा: ०.९३३० × ०.७२३२ = ०.६७४८.
३. रेखांशांतला फरक काढा. एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा असल्यामुळे इथे बेरीज होते: ७९.०५ + ७९.६३ = १५८.६८. त्याचा कॉस उणे ०.९३१६.
४. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचा गुणाकार (उणे ०.६२८६) पहिल्या पायरीत मिळवा: उणे ०.३८०१.
५. त्याचा उलटा कॉस घ्या (cos⁻¹ लिहिलेलं बटण): ११२.३४ अंश.
६. एका अंशाला १११.१९ किलोमीटर, म्हणून अंतर १२,४९१ किलोमीटर.

उत्तर चुकलं तर बहुधा कारण दोनपैकी एक असतं. कॅल्क्युलेटर ‘डिग्री’ऐवजी ‘रेडियन’वर असतो, किंवा पश्चिम रेखांशाला अ‍ॅपमध्ये जे उणे चिन्ह असतं ते विसरलेलं असतं. या उदाहरणात ते चिन्ह विसरलात तर रेखांशांतला फरक अर्ध्या अंशाचाच येतो आणि टोरांटो थेट नागपूरच्या डोक्यावर, मध्य आशियात जाऊन बसतं. पृथ्वी पुरती गोल नसल्यामुळे या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. आपल्या कामाला तो चालतो.

एककांकडे मात्र लक्ष ठेवा. वैमानिक सागरी मैलांत बोलतात (१.८५२ किलोमीटर), विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनांमध्ये साधे मैल असतात (१.६०९ किलोमीटर). १२,४९१ किलोमीटर म्हणजे सुमारे ६,७४५ सागरी मैल किंवा ७,७६० साधे मैल. नुसतं ‘माइल्स’ लिहिलेलं दिसलं तर कुठले, हे पाहिल्याशिवाय गुणू नका.

मार्ग बदलला की अंतर किती बदलतं

फारसं नाही. नागपूर-दिल्ली ८५३ आणि दिल्ली-टोरांटो ११,६३९ किलोमीटर, मिळून १२,४९२. म्हणजे सरळ अंतरापेक्षा एखादाच किलोमीटर जास्त, कारण दिल्ली त्या दोऱ्याच्या जवळजवळ खालीच येते. मुंबईवरून गेलात तर ६८० आणि १२,४९० मिळून सुमारे १३,१७० किलोमीटर. दोह्यावरून २,८४० आणि १०,८८० मिळून १३,७२०. मुंबई आणि लंडन करून गेलात तर सुमारे १३,६००.

सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जवळच्या मार्गात सव्वाबाराशे किलोमीटरचा फरक आहे, हवेत तो दीड तासाचाही नाही. मधल्या विमानतळावरचा थांबा मात्र तीन तासांचा असू शकतो, तसा चौदाचाही. म्हणून मार्ग निवडताना किलोमीटर बघत बसू नये. थांबा बघावा आणि तिकीट एक आहे की दोन हे बघावं.

कागदावरचे तास आणि आकाशातले तास

लांब पल्ल्याचं विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. त्या हिशेबाने, उड्डाण-उतरण्याचा अर्धा तास धरून, दिल्ली-टोरांटो साडेतेरा तासांत व्हायला हवं. वेळापत्रकात साधारण पंधरा-सोळा तास दिसतात, कधी त्याहूनही जास्त. त्याची कारणं तीन आहेत.

पहिलं, वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. हिवाळ्यात तो ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. पश्चिमेकडे जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. मुंबई-लंडनला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात, येताना त्याहून तासभर तरी कमी, तो यामुळेच.

दुसरं, बंद आकाश. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रशियाने कॅनडाच्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीवरून जाणं बंद केलं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना बंद केलं. म्हणजे दोऱ्याच्या वाटेने जायचं तर एका देशाच्या विमानाला वाट सुरुवातीलाच अडते, दुसऱ्याच्या विमानाला पुढे. दोघांनाही वळसा पडतो आणि काही वेळा मध्ये इंधनासाठी उतरावंही लागतं. हे निर्बंध बदलत राहतात. मागच्या वर्षी कुणाला किती तास लागले यावर जाऊ नका, तिकिटावरचेच तास धरा.

तिसरं, हिमालय आणि तिबेटचं पठार. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तीन किलोमीटरच्या उंचीपर्यंत खाली यावं लागतं. पठाराची जमीनच त्याहून उंच, त्यामुळे त्यावरून लांबवर उडणं शक्यतो टाळतात.

घड्याळाचा घोळ

सर्वांत जास्त चुका इथे होतात. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. दिल्लीहून रात्री १.३० ला निघून टोरांटोत त्याच तारखेच्या सकाळी ६.०० ला पोहोचतं असं छापलेलं असलं, की घरच्यांना साडेचार तासांचा प्रवास वाटतो.

उपाय एकच: सगळ्या वेळा भारतीय वेळेत करा आणि मगच वजाबाकी करा. टोरांटो आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो, कारण त्या दिवशी तिथली घड्याळं तासभर पुढे-मागे करतात. आपली तशीच राहतात. दोहा बाराही महिने अडीच तास मागे.

वरच्या उदाहरणात जानेवारी असेल तर टोरांटोचे सकाळचे ६.०० म्हणजे आपल्याकडचे दुपारचे ४.३०. त्यातून १.३० वजा करा. पंधरा तास.

आता तारीख. तिकिटावर ‘१२ जानेवारी, ००.४०’ असं असेल तर विमान ११ तारखेच्या रात्री जेवणानंतर सुटणार आहे. १२ तारखेला संध्याकाळी गाडी काढून विमानतळावर आलेली मंडळी दर हंगामात दिसतात, आणि त्यांचं तिकीट तोवर रद्द झालेलं असतं. मध्यरात्र ते पहाटे तीनच्या मधलं विमान असेल तर आदल्या तारखेवर लाल गोल करून कॅलेंडर भिंतीला लावा.

पोहोचण्याच्या वेळेपुढे ‘+१’ असेल तर दुसऱ्या दिवशी. ‘एकूण कालावधी’ म्हणून जो आकडा येतो त्यात मधला थांबा धरलेला असतो, पण गावापासून विमानतळापर्यंतचा रस्ता नसतो.

गाव ते नागपूर

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ सोनेगावला, वर्धा रोडवर आहे. पांढरकवड्याहून करंजी, वडकी, हिंगणघाट, जाम, बुटीबोरी करत येणाऱ्याला किंवा यवतमाळहून कळंब, देवळी, वर्धा करत येणाऱ्याला शहरात शिरायची गरज पडत नाही. दोन्हीकडून दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. गडचिरोलीहून नागभीड, उमरेडमार्गे येणाऱ्याला आणि भंडाऱ्याकडून येणाऱ्याला मात्र शहराची कड ओलांडावी लागते. त्यांनी पाऊण तास जास्त धरावा.

चारचाकीला चांगल्या दिवशी पांढरकवडा-विमानतळ तीन तास पुरतात. हिशेबात चार धरा, पावसाळ्यात पाच. महामार्ग सहसा दगा देत नाही. दगा देतो तो गावाबाहेरचा रपटा. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्याला पाणी असलं की गावातून डांबरी सडकेपर्यंतचे चार किलोमीटर चार तासांचे होतात. अशा गावाने झडीच्या दिवसांत आदल्या दिवशीच निघून पांढरकवड्यात किंवा नागपुरात मुक्काम करावा.

एस.टी.ने यायचं असेल तर सामान बघा. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन बसस्थानकावर गाडी बदलणं होत नाही, थेट नागपूरची बसच घ्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास नागपूरकडच्या बस-रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की नागपूरची विमानं आणि हॉटेलं दोन्ही महागतात. तारीख हातात असेल तर हे दिवस चुकवा.

दिल्ली, मुंबई की दोहा

दिल्लीवरून जाताना मोठा शत्रू म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीचं धुकं. ते रात्री उशिरा दाटतं आणि सकाळी उशिरापर्यंत राहतं. म्हणून या दिवसांत नागपूरहून सकाळचं विमान घेऊन दुपारचं विदेशी विमान पकडायचा बेत आखू नये. दुपारी नागपूर सोडून संध्याकाळी दिल्ली गाठावी. आपल्या विमानानंतर दिल्लीला जाणारं आणखी एक विमान त्या दिवशी असेल असंच तिकीट निवडा. एक रद्द झालं तर दुसरं हाताशी राहतं.

तिकीट एकाच पीएनआरवर असावं, यावर तडजोड नको. एकच तिकीट असेल तर पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीवर येतं, आणि बॅगाही नागपुरातच टोरांटोपर्यंत जातात. बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर टोरांटो विमानतळाचं संक्षिप्त नाव ‘वायवायझेड’ आहे का ते काउंटर सोडण्याआधी वाचून घ्या. तिथे दिल्लीचं नाव असेल तर दिल्लीत बॅग उचलावी लागेल.

दोन वेगळी तिकिटं घेऊन चार हजार वाचवणाऱ्यांचं गणित सामानावर बिघडतं. कॅनडाच्या तिकिटावर बहुधा तेवीस किलोच्या दोन बॅगा चालतात. वेगळ्या काढलेल्या नागपूर-दिल्ली तिकिटावर मात्र साधारण पंधरा किलोच. म्हणजे उरलेल्या एकतीस किलोंचे पैसे किलोमागे मोजा, नाहीतर काउंटरसमोर बसून सांडगे आणि लोणच्याच्या बरण्या बाहेर काढा. शिवाय दिल्लीत देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरलं आणि पुढचं टर्मिनल ३ वरून असलं तर मधला प्रवास रस्त्याने करावा लागतो. अशा वेळी थांबा सहा तासांच्या खाली नसावा. एकाच तिकिटावर आणि एकाच टर्मिनलवर चार तास ठीक.

नागपूर-दोहा थेट विमानाचा फायदा वेगळाच आहे. पासपोर्टची तपासणी नागपुरातच होते, तिथली रांग दिल्लीच्या मानाने किरकोळ असते आणि टर्मिनल बदलायची भानगड नाही. दोह्याला सव्वाचार-साडेचार तास लागतात. पण हे विमान साधारण पहाटेच्या वेळेचं, त्यामुळे गावातून आदल्या संध्याकाळीच निघावं लागतं. आणि पुढचं टोरांटोचं विमान रोज असेलच असं नाही, म्हणून आधी दोहा-टोरांटोचे वार पाहायचे, मग त्यावरून नागपूरची तारीख ठरवायची. उलट केलं की दोह्यात दिवसभर ताटकळावं लागतं.

मुंबईहून विमान असेल आणि सामान-माणसं जास्त असतील तर समृद्धी महामार्गाचा विचार होऊ शकतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. यवतमाळकडच्यांना धामणगाव किंवा कारंजाला त्यावर चढता येतं. गाव ते सहार विमानतळ बारा तास धरा आणि ड्रायव्हर दोन ठेवा. सरळ, रिकाम्या रस्त्यावर रात्री डोळा लागतो. नागपूरहून दुरांतोने रात्रभरात, अकरा-साडेअकरा तासांत मुंबई येते. मला विचाराल तर थकून विमानात बसण्यापेक्षा रेल्वे बरी.

स्वस्त दिसणारं तिकीट न्यूयॉर्क, नेवार्क किंवा शिकागोवरून असेल तर थांबा. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. इतर देशांचे नियम वेगवेगळे आहेत, पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा.

पूर्ण हिशेब, एक नमुना

समजा ११ जानेवारीला निघायचंय. सगळ्या वेळा भारतीय.

सकाळी १०.०० ला घर सोडलं, दुपारी २.०० ला सोनेगाव. विमान ४.३०चं. काउंटर सुटण्याच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास हाती असलेले बरे. ६.१५ ला दिल्ली. तिथे सव्वासात तासांचा थांबा: त्यात पासपोर्ट, सुरक्षा तपासणी आणि जेवण. रात्री १.३० ला, म्हणजे १२ तारीख लागल्यावर, विमान. दुपारी ४.३० ला टोरांटो. पहिल्यांदा जाणाऱ्या विद्यार्थ्याला स्टडी परमिट तिथल्या विमानतळावरच हातात मिळतं आणि सप्टेंबर-जानेवारीत त्याची रांग लांब असते. परमिट, बॅगा धरून दोन तास, खोलीवर पोहोचायला एक. १२ तारखेचे संध्याकाळचे ७.३०, तिथे सकाळचे ९.००.

एकूण साडेतेहतीस तास. त्यातले हवेत पावणेसतरा. बाकी अर्धा वेळ रस्ता, रांगा आणि खुर्च्यांचा.

घरच्यांसाठी यातल्या चार वेळा कागदावर लिहून ठेवा: सोनेगाव, दिल्ली, विमानात बसल्याचा फोन, टोरांटो. मधल्या पंधरा तासांत फोन लागत नाही. तो लागत नाही म्हणून आजीने जेवण सोडू नये, एवढ्यासाठी तरी.

परतीचं उलटं गणित

येताना वारा पाठीशी असल्याने तास कमी, पण तारीख पुढे पळते. टोरांटोहून १२ तारखेच्या रात्री १०.०० ला निघालात तर तेव्हा आपल्याकडे १३ची सकाळ ८.३० झालेली असते. चौदा तास मिळवा: दिल्लीत १३च्या रात्री १०.३०. देशात उतरल्यावर पहिल्याच विमानतळावर साधारणपणे बॅगा घ्याव्या लागतात, कस्टम करून पुन्हा द्याव्या लागतात. एवढं होईपर्यंत नागपूरचं रात्रीचं विमान हाती लागत नाही. सकाळचं धरा, तेही जानेवारीत धुक्याने लेट होणार हे गृहीत धरून. गावाकडून न्यायला येणाऱ्या गाडीला १४ तारीख सांगा, आणि ड्रायव्हरला निघण्याआधी विमानाचा क्रमांक मोबाइलवर बघायला लावा. दिल्लीहून विमान उडाल्याचं दिसलं की मगच त्याने हिंगणघाट सोडावं. तिथून सोनेगावला तो दीड तासात पोहोचतो, आणि उतरून बॅगा हातात येईपर्यंत इकडेही दोन-सव्वादोन तास जातातच.